मागच्या दाराखालचा पोचा

जुनी म्हणा, मोडीत काढलेली म्हणा, मित्रांनो, मी एक राखाडी रंगाची गाडी आहे. माझ्या जन्माची हकीकत फार मोठी नाही. एका लांबलचक कारखान्यात माझ्यासारख्याच शेकडो बहिणींबरोबर मी तयार झाले. कोणी डॉक्टरांच्या घरी गेली, कोणी नव्या जोडप्याच्या दारात जाऊन उभी राहिली. मला मात्र घर मिळालं नाही. सुट्टीवर येणाऱ्या लोकांना गाड्या भाड्याने देणाऱ्या एका मालकाने मला विकत घेतलं.

तरी सुरुवातीचे दिवस सुखाचे होते. लोक माझ्याकडे यायचे ते सुट्टी लागल्यावर, म्हणजे सगळे हसतच यायचे. माझ्या मागच्या सीटवर मुलं भांडायची, बिस्किटं सांडायची, झोपी जायची. परत देताना एखादं पोर माझ्या आरशाला हात लावून "टाटा" म्हणायचं. मग रात्रभर मला बरं वाटायचं.

एके दिवशी मालकाचा भाचा मला अंगणात मागे घेत होता. त्याचं लक्ष फोनमध्ये होतं. कोपऱ्यातल्या सिमेंटच्या खांबाचा बुटका पाया त्याला दिसला नाही. माझ्या मागच्या दाराखाली, अगदी जमिनीजवळ, खोल पोचा आला. मालक वाकून बघत म्हणाला, "दिसत नाही फारसा. राहू दे." आणि राहिला.

पुढे थोड्याच दिवसांत एक बाप-लेक आले. वडील चित्रकलेचे निवृत्त शिक्षक होते. त्यांची नजर झपाट्याने चालली होती. समोर माणूस आहे एवढं कळायचं, पण चेहरा कळायचा नाही. रंग मात्र अजून दिसायचे. मुलगी दातांच्या दवाखान्यात काम करायची. मिनतवारीने रजा काढून ती वडिलांना समुद्र दाखवायला घेऊन आली होती. ते तिला ठकू म्हणायचे.

काउंटरवर एक मध्यमवयीन गृहस्थ बसायचे. उकाडा असो, नसो, गळ्यात टाय. सगळे त्यांना टायवाले साहेबच म्हणायचे. त्यांनी कागदावर ठकूची सही घेतली, माझे चारी बाजूंनी फोटो काढले आणि किल्ली पुढे केली.

तेवढ्यात ठकूचे वडील, म्हणजे सर, माझ्याभोवती फिरू लागले. नजर अधू झाल्यापासून कुठलीही नवी वस्तू ते आधी हाताने ओळखून घ्यायचे. बॉनेटवरून, दारांवरून त्यांचा हात सावकाश फिरला. मागच्या दाराशी ते काठीच्या आधाराने खाली बसले.

"अहो साहेब, इथे पोचा आहे बरं का. चांगला खोल आहे."

टायवाल्या साहेबांच्या मागे आणखी दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. ते काउंटरवरून उठलेच नाहीत. "काका, ते काही नसतं हो. तुम्ही बसा निवांत."

ठकूही घाईत होती. "बाबा, चला ना. ऊन चढायच्या आत पोचू."

आणि आम्ही निघालो. त्या दिवसांची आठवण आली की अजून माझं काळीज हलतं, म्हणजे जे काही माझ्यात आहे ते. सकाळी ठकू मला समुद्रासमोर उभी करायची आणि सर पुढच्या सीटवर बसून काचेतून बघत राहायचे. ते बोलायचे ते फक्त रंगांबद्दल. "ठकू, तो पट्टा बघ. हिरवा म्हणावा तर हिरवा नाही. आत जांभळा आहे. आता गेला बघ." ठकू विचारायची, "बाबा, कंटाळा नाही येत?" ते म्हणायचे, "कंटाळा कसला? भरून घेतोय. पुढे लागेल." ठकू मग तोंड फिरवून खिडकीची काच उगाच खालीवर करायची.

मला परत दिलं त्या दिवशी मालक स्वतः काउंटरवर उभा होता. तो थेट माझ्या मागच्या दाराशी आला, वाकला आणि म्हणाला, "हे काय केलंत? पोचा पाडलात. भरपाई द्यावी लागेल."

"तो आधीपासून होता," ठकू म्हणाली. "बाबांनी सांगितलं होतं. या साहेबांनाच सांगितलं होतं."

"कागदावर तुमची सही आहे. गाडी ठीकठाक घेतली म्हणून."

"मग दाखवा ना तुम्ही काढलेले फोटो!"

कॉम्प्युटरवर फोटो उघडले गेले. त्यांत माझी दारं होती, दिवे होते. दाराखालची ती जागा एकाही फोटोत आली नव्हती. ठकू टायवाल्या साहेबांकडे वळली. "तुम्ही ऐकलं होतं ना? खरं सांगा."

काउंटरची खिडकी माझ्यासमोरच उघडी होती. मला त्यांचा चेहरा नीट दिसत होता. त्यांनी एकदा मालकाकडे पाहिलं, मग कॉम्प्युटरकडे. "रोज इतके लोक येतात, मॅडम. माझ्या काही लक्षात नाही."

मालकाला जोर चढला. "अहो, ज्यांना समोरचं दिसत नाही त्यांना दाराखालचा पोचा दिसला? आणि काकांच्या हातात काठी आहे. चढता-उतरता बसली असेल कुठेतरी. त्यांना तरी कसं कळणार?"

मित्रांनो, मला ओरडावंसं वाटलं. पण माझा हॉर्नसुद्धा दुसऱ्याने दाबल्याशिवाय वाजत नाही. ठकूचा आवाज चढला, मग चिरका झाला. रांगेतले लोक बघू लागले. लेक आता रडणार हे सरांना तिच्या आवाजावरून कळलं. त्यांनी हवेत हात चाचपून तिचा खांदा शोधला.

"ठकू, राहू दे. माझीच काठी लागली असेल."

"बाबा! काय बोलताय तुम्ही?"

"लागली असेल गं. मला कुठे दिसतं?"

"बघा," मालक खूश होऊन म्हणाला, "काका सरळ माणूस आहेत. कबूल तरी करतात."

ठकूच्या कार्डावरून पैसे कापले गेले. जाताना सर काठी टेकत नव्हते. त्यांनी ती काखेत घट्ट धरली होती, लपवावी तशी. दुसऱ्या हाताने लेकीचा दंड धरून ते फाटकाबाहेर गेले.

ठकू गप्प बसणारी नव्हती. तिचे फोन येत राहिले. टायवाले साहेब ठरलेली उत्तरं देत राहिले, "नियमाप्रमाणेच आहे, मॅडम," आणि फोन ठेवल्यावर टायची गाठ सैल करायचे. इकडे मालकाला माझ्या पोच्याची चटक लागली. त्याची भरपाई त्याने नंतर आणखीही कोणाकोणाकडून उकळली. शेवटी जुळ्या मुलांना घेऊन आलेल्या एका बाईंनी मला ताब्यात घेतानाच कानाकोपऱ्याचं चित्रण करून ठेवलं होतं. त्यांनी ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या कार्यालयात धाव घेतली. चौकशीत पोचा मुळातच जुना असल्याचं उघड झालं आणि मालकाला सगळ्यांचे पैसे परत करावे लागले.

इथे गोष्ट संपायला हवी होती, नाही का? पण पैसे परत मिळाल्यानंतर ठकू पुन्हा आली. एकटीच. मालक बाहेर गेला होता. ती काउंटरसमोर उभी राहिली, पण भांडली नाही.

"पैसे जमा झाले," ती म्हणाली. "त्यासाठी नाही आले मी. बाबांची नजर आता पूर्ण गेली. त्यांना सांगितलं, पोचा तुमच्यामुळे नव्हता, सिद्ध झालंय. ते हसतात. म्हणतात, तू माझं मन राखायला सांगतेस. काठी माळ्यावर टाकायला लावली. घरात कशालाही हात लावायचा तर आधी विचारतात, 'लावू का?' स्वतःच्या घरात, साहेब! स्वतःच्या कपाटाला!"

टायवाल्या साहेबांचा हात टायच्या गाठीकडे गेला.

"तुमचा आवाज त्यांच्या लक्षात आहे. एकदा येऊन सांगाल? तुम्ही सांगितलंत तर पटेल त्यांना."

ते काउंटरवरून उठले. खिळ्यावरची माझी किल्ली काढली, ठकूला मागे बसवलं आणि मला बाहेर काढलं.

सरांचं घर तळमजल्यावर, रस्त्याला लागून होतं. मी खिडकीखालीच उभी राहिले. सर आत आरामखुर्चीत बसले होते. हात मांडीवर, एकावर एक ठेवलेले.

"काका, मी गाड्यांच्या ऑफिसमधून आलोय. काउंटरवरचा."

सरांनी मान वर केली. "ओळखला आवाज. 'काका, ते काही नसतं हो.' "

टायवाले साहेब त्यांच्या खुर्चीजवळ सरकले. "तुम्ही सांगितलं होतं, काका. मी ऐकलं होतं. मालकासमोर माझी जीभ रेटली नाही. पोचा आधीचाच होता. तुमची काठी कुठेही लागली नव्हती."

सरांनी पुढे वाकून ते ऐकून घेतलं. मग सर म्हणाले, "बरं झालं आलात. पोरीला वाटत होतं मी हट्टीपणा करतोय."

"काका, पैसे तर परत दिलेत. आणखी काही करता आलं तर सांगा."

"आता काय सांगू?" सरांचा आवाज अगदी साधा होता. त्यात राग नव्हता. "मी तिकडे समुद्र भरून घ्यायला आलो होतो. डोळ्यांत उजेड होता तोवर, शेवटचा. आता डोळे मिटून बसतो, रंग आठवायला जातो, आणि मधे तुमचं काउंटर येतं. ती माणसं बघतायत, ठकूचा आवाज फाटलाय. ते काही केल्या बाजूला होत नाही. त्यात तुमचा एकट्याचा दोष नाही म्हणा. ठकू, साहेबांना चहा टाक."

चहा त्यांनी घेतला की नाही मला कळलं नाही. बाहेर आल्यावर टायवाले साहेब माझ्या सीटवर बसून राहिले. निघताना हँडब्रेक सोडायचंही त्यांना सुचलं नाही. मी थोडी फरफटले, तेव्हा ते भानावर आले.

पुढे मालकाने मला विकून टाकलं. मग आणखी एका दारात काही वर्षं काढली आणि आता मी या मोडीच्या आवारात उभी आहे. माझी दारं कोणीतरी काढून नेली आहेत. त्याचं मला वाईट वाटत नाही. गाडीची दारं दुसऱ्या गाडीला बसतात.

मित्रांनो, तुमच्यापुढे एकच मागणं आहे. भांडण मिटावं म्हणून घरातलं एखादं म्हातारं माणूस "माझंच चुकलं असेल" असं म्हणालं, तर सुटलो म्हणून पुढे जाऊ नका. तिथेच थांबा. त्यांचा हात हातात घ्या आणि सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणा, "नाही, तुमचं चुकलेलं नाही." हे त्याच वेळी म्हणायचं असतं. दुसऱ्या दिवशीसुद्धा उशीर झालेला असतो.