सातवा अंगठा

पिवळा, गुबगुबीत, इवलासा अंगठा, आणि त्याच्या शेजारी आकडा – एकेचाळीस. त्यातला एक आपला. सातवा. सुरभीनं मोबाइल मांडीवर उपडा ठेवला, पुन्हा उचलला. नेरहून निघालेली एसटी खड्ड्यागणिक उसळत होती आणि तेवढ्यात आणखी दोघींनी दाबला. त्रेचाळीस.

काय करणार होती ती तरी? सवयच तशी लावलेली – आरोग्य खात्याच्या त्या ग्रुपवर साहेबांचा मेसेज पडला की दहा मिनिटांत अंगठा हवा, नाहीतर संध्याकाळी नावांची यादी लागते, 'यांना ग्रुप वाचायला वेळ नाही' म्हणून. मग वाचतं कोण? सगळ्या नर्सबाया आधी दाबतात, मग बघतात. तिनंही बसमध्ये चढता चढता दाबला, लसीकरणाचं वेळापत्रक असेल म्हणून. आणि सीट मिळाल्यावर बघते तर – लीलाबाईंचा फोटो. काल लसीकरणाच्या जागेवरून हजेरीसाठी पाठवलेला, उन्हाकडे तोंड करून काढलेला, म्हणून डोळे मिटलेले... आणि त्या डोळ्यांभोवती साहेबांनी लाल गोल काढून खाली लिहिलेलं : 'झोपा काढायचा पगार मिळतो का?'

लीलाबाई. एकाच उपकेंद्रात दोघी. नोकरीच्या पहिल्या महिन्यात सुरभीचा नवखा हात आपल्या हातात धरून, रडणाऱ्या बाळाच्या मांडीत सुई कशी टोचायची ते शिकवणारी बाई... आणि आता अर्ध्या तासात तिच्यासमोर जाऊन बसायचं! काढून टाकावा का अंगठा? काढला तर आकडा उतरेल, आणि साहेबांना मोजण्यापलीकडे काम काय आहे? ठेवला तर ताईंना काय वाटेल? वैताग आहे नुसता. अपमान करणार एकटा माणूस, आणि तोंड लपवायचं आम्ही सगळ्यांनी! मला कुणी विचारलं होतं का? नव्हतंच विचारलं... आणि मी तरी कुठे काही विचारलं.

उपकेंद्रात लीलाबाई पट्टी घेऊन रजिस्टरवर रेघा आखत होत्या. रस्ताभर जुळवलेली माफी सुरभीनं दारातूनच सुरू केली.

"ताई, तो अंगठा... मी वाचलंच नव्हतं."

"माहीत आहे मले." त्यांनी मान वर केली नाही. "कायले रडकं तोंड करून राह्यली व? मागच्या महिन्यात साहेबानं ग्रुपवर अंजूले झापलं ना, तवा मी तं पुरतं वाचून दाबला होता."

एवढंच. पट्टी खाली सरकली, पुढची रेघ.

सुरभीच्या छातीवरचं ओझं उतरलं. खरोखर उतरलं, श्वास मोकळा झाला, चहासुद्धा घ्यावासा वाटला... शेजारच्या उपकेंद्रातली अंजू तेव्हा दोन दिवस कामावर आली नव्हती. दोघींना ठाऊक होतं. दोघींनी तिला साधा फोन केला नव्हता. चार शब्द सुनावले असते ताईंनी तर बरं झालं असतं, निदान उलटून बोलता तरी आलं असतं! साहेबांवरचा सकाळपासूनचा राग तिनं शोधून पाहिला, तर तो जागेवर नव्हता. तो आता समोर शांतपणे रेघा आखणाऱ्या या बाईवर होता, आणि त्याहून जास्त, स्वतःच्या त्या मोकळ्या झालेल्या श्वासावर.