‘वाईट नाही’ म्हणणाऱ्याची काठी

मी काठी बोलतेय. पण हळू बोलते, कारण आम्ही ऑस्ट्रेलियातल्या डबो गावच्या कोर्टाबाहेर बाकावर बसलोय आणि आत न्यायाधीश बाई निकाल ठरवताहेत.

जन्मानं मी दांडा, मेंढ्यांच्या शेडमधल्या लोकर झाडायच्या झाडूचा. क्लाईव्ह त्या शेडमध्ये मेंढ्या कातरायचा. दिवसभर कमरेत वाकलेला, तरी कसा आहेस विचारलं की म्हणायचा, "वाईट नाही." आमच्याकडे सगळेच तसं म्हणतात. दुष्काळात विचारा, लेकीच्या लग्नात विचारा, उत्तर तेच.

मग एका चौकात ट्रकनं त्याच्या गाडीला बाजूनं धडक दिली. हाड मोडलं नाही म्हणून गडी चहा पिऊन कामावर गेला. पाठ मात्र हळूहळू धरत गेली. शेवटी त्याच्या बायकोनं, नोएलीननं, मला कापलं, खाली रबर बसवलं आणि दांड्याची मी काठी झाले.

घरात तो सगळा भार माझ्यावर टाकायचा. गावात गेला की मला गाडीच्या सीटमागे सारायचा, डॉक्टरांच्या दारातसुद्धा. परतल्यावर नोएलीन विचारायची, काय सांगितलंस त्यांना? तो सांगायचा, "वाईट नाही." ती म्हणायची, "तुझ्या थडग्यावर तेच कोरून घेते मी."

पुढे मणके सरकल्याचं निघालं. कातरकाम सुटलं. तोवर अपघाताचा दावा लावायची तीन वर्षांची मुदत टळून गेली होती. आता आधी कोर्टाची परवानगी हवी, आणि त्यासाठी उशिराचं पटण्याजोगं कारण. परवानगी नाही, तर दावाच नाही.

आज पहिल्यांदाच मी त्याच्याबरोबर आत गेले. विमा कंपनीच्या वकिलानं डॉक्टरांच्या नोंदी वाचल्या. दर भेटीला तेच दोन शब्द. मग शांतपणे विचारलं, दुखत नव्हतं तर दावा कशाचा? आणि दुखत होतं तर गप्प का बसलात? क्लाईव्हनं माझी मूठ दाबून धरली. माझं रबर फरशीवरून सटकायला लागलं.

न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आज पाठ कशी आहे?"

"वाईट नाही, मॅडम."

संपलं, मला वाटलं. मागे नोएलीननं डोळे मिटून घेतले.

"मग वाईट आहे असं तुम्ही कधी म्हणता?"

क्लाईव्हनं खरोखर आठवून पाहिलं. "अजून तरी म्हटलेलं नाही."

कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. काय लिहिलं असेल? तेव्हापासून जिवाला घोर लागलाय.

नोएलीननं डब्यातलं सँडविच पुढे केलं. त्यानं घेतलं नाही.

"पाठ कशी आहे रे?" तिनं सवयीनं विचारलं.

त्यानं तोंड उघडलं, मिटलं. "दुखतेय गं. पहिल्यापासून दुखतेय."

ती सरकून जवळ बसली.

दार उघडलंय. आमचं नाव पुकारलंय. सगळ्यांच्या देखत तो माझ्यावर पूर्ण रेलून उठतोय. बाबा रे, आत काहीही होवो, परत जाताना मला सीटमागे टाकू नकोस.