मला कोरडे ठेवले तेव्हा

मित्रांनो, मी नदीवरचे एक जुने लॉक आहे. 'लॉक' म्हटले की पुष्कळांना कुलूप आठवते आणि ते माझी किल्ली शोधू लागतात. खरे तर मी दगडी भिंतींची, छप्पर नसलेली एक लांबट खोली आहे. दोन्ही टोकांना जाड लाकडी दारे आहेत. शेजारच्या बंधाऱ्यावरून नदी दीड पुरुष खाली उडी घेते. नावेला तशी उडी कशी मारता येणार? म्हणून ती खालच्या दाराने माझ्यात शिरते. दार लागते, वरच्या झडपा उघडतात आणि पाणी भरत भरत तिला अलगद वर उचलते. ना इंजिन, ना वीज. एवढी वर्षे झाली, तरी मला याचे नवल वाटते.

माझे रखवालदार अबोल गृहस्थ होते. दाराचा लांब दांडा ते पाठीने रेटून उघडायचे. त्यांची सून माहेरी सुतारकाम शिकून आली होती. दारांची डागडुजी तिच्याकडे असे. पुढे पूल झाला, माल ट्रकने जाऊ लागला, आठवड्याला जेमतेम एखादी नाव येई. तरीही सासरेबुवा रोज मला भरत आणि रिते करत. येणारे-जाणारे म्हणत, म्हाताऱ्याला दुसरा उद्योग नाही. सासरेबुवा हसून कामाला लागत.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा ते घरी बसले. मग जुन्या वास्तू जपणाऱ्या कचेरीतून एक साहेब आले. माणूस सज्जन, कामाचा. त्यांनी मला कोरडे केले, दारांना निळा रंग दिला, फलक लावला. भाषणे झाली. माझे इतके कौतुक आधी कधी झाले नव्हते. मीही हुरळून गेले.

दुसऱ्या उन्हाळ्यात माझी दारे तडकू लागली. आतला पाण्याचा टेकू गेल्यामुळे मागची माती रेटा देऊ लागली आणि एका भिंतीला पोट सुटले. आता धोका नको म्हणून मला मातीने बुजवून वर बाग करायचे ठरले. पहिला ट्रक येऊन उभाही राहिला.

बातमी कळताच सून हत्यारांची पिशवी घेऊन धावत आली. साहेबांनी तिला समजावले की पाण्याने लाकूड कुजते, म्हणूनच तर त्यांनी मला सुकवले होते.

"अर्धवट भिजलं तर कुजतं, साहेब," ती म्हणाली. "बुडालेलं नाही कुजत. मला तळाची एक फळी बघू द्या, मग खुशाल माती टाका."

ती खाली उतरली. दाराचा तळ अजून ओल्या गाळात रुतलेला होता. गाळ उपसून तिने फळीवर रंधा फिरवला. लांबलचक, न तुटलेली साल निघाली; कुजक्या लाकडाचा नुसता भुगा झाला असता. साहेबांनी ती बोटाला गुंडाळली, उलगडली, नाकाशी नेली.

"ही फळी कधीची?"

"माझ्या सासऱ्यांच्या लग्नाआधीची."

साहेबांनी ती साल जपून खिशात ठेवली. "म्हणजे चूक माझी," ते म्हणाले आणि त्यांनी ट्रक परत पाठवला.

सहा महिने काम चालले. भिंत उतरवून पुन्हा रचली. वरच्या फळ्या नव्या बसवल्या, तळाच्या तशाच ठेवल्या. पाणी सोडले तेव्हा दारे ठिकठिकाणी गळू लागली. सुनेने वरच्या बाजूने पाण्यात राख सोडली. पाणी जिथून पळत होते तिथेच राख ओढली गेली, फटींत बसली आणि गळती थांबली. साहेब काठावर उकिडवे बसून बघत राहिले. दुपारी पहिली नाव आली, तेव्हा दार उघडायला तेच पुढे झाले.

मित्रांनो, जुन्या वस्तूला जपायचे असेल तर तिला विचारा, तुझे काम काय? मला नुसते पाहून जाऊ नका. नावेत बसा, हात पाण्यात घाला, आणि वर येईपर्यंत धीर धरा.