चालकासह वजन

गाडीचे सगळे बोल्ट शेवटी एकोणसाठ किलोंवर आवळले गेले. घरच्या अधिकृत माहितीनुसार असं काहीही घडलेलं नाही, त्यामुळे आपणही हे वाक्य वाचलेलंच नाही असं धरून पुढे जाऊ. ही गोष्ट सत्तर किलोंच्या एका माणसाची आहे.

हा माणूस म्हणजे जावयाचे सासरे. नोकरीत ते लिफ्टचे तपासनीस होते. तीस वर्षं त्यांनी इमारतींच्या डोक्यावरच्या खोल्यांत चढून दोर मोजले, ब्रेक तपासले आणि 'सदर लिफ्ट वापरण्यास योग्य' किंवा 'सदर लिफ्ट तात्काळ बंद करावी' यांपैकी एक वाक्य लिहिलं. निवृत्तीनंतर लिफ्ट गेल्या, 'सदर' तेवढं उरलं. सदर चहा गार आहे. सदर जावई अजून आला नाही.

आयुष्य वर-खाली जाणाऱ्या यंत्रांत गेल्यामुळे असेल, पण त्यांना सरळ आणि जोरात जाण्याची भारी हौस. त्या हौसेपायी अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्यांनी दोन दारांची एक बुटकी, रागीट चेहऱ्याची गाडी घेतली होती. तिच्यात बसायचं तर कंबरेची परवानगी लागे आणि उतरायचं तर शेजाऱ्यांची मदत. ती रस्त्यावरचा खडा न खडा चालकाच्या पाठीला कळवत असे. सासऱ्यांच्या मते हा तिचा प्रामाणिकपणा होता.

गेल्या वर्षी त्यांच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. अठ्ठ्याहत्तर किलोंचे सासरे दवाखान्यात गेले आणि बरेचसे परत आले. शर्ट तेच होते, पण आता त्यांत माणूस शोधावा लागे. डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही असं सांगितलं, तरी सासऱ्यांनी स्वतःवरच आदेश काढला: वजन सत्तर भरेपर्यंत सदर चालक वापरण्यास अयोग्य. मग ते खिडकीत बसून गाडीकडे बघत, गाडी त्यांच्याकडे बघे आणि दोघंही आपापल्या जागी गंजत.

जावई दंतवैद्य. त्याच्या बायकोने एक दिवस त्याला सांगितलं की बाबांना असं बघवत नाही, तू त्या गाडीचं काहीतरी कर. आपल्याला दातांपलीकडे काही कळत नाही, असं त्याने म्हणून पाहिलं. त्यावर ती म्हणाली, वरच्या दाढा तू खालूनच बघतोस ना, हीपण खालूनच बघ.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी तो सासऱ्यांच्या गॅरेजात आडवा होऊ लागला. गाडी चार लोखंडी घोड्यांवर उचललेली, खाली जावई, बाजूला स्टुलावर विजेरी धरून सासरे. गाडीच्या पोटाला कुणीतरी कधीकाळी काळा डांबरासारखा लेप फासला होता आणि त्याच्या आड गंज निवांत संसार करत होता. जावई तो लेप पातळ टोकाच्या हत्याराने कणाकणाने उचकटायचा, कारण दुसरी पद्धत त्याला येतच नव्हती. संशयित जागी ठोकून तो सवयीने विचारायचा, "इथे दुखतंय?"

"सदर ठिकाणी नाही," वरून उत्तर यायचं. "जरा मागे."

तीन ठिकाणी हत्यार आरपार गेलं. तिथला पत्रा कापून वेल्डरकडून नवे तुकडे बसवून घेतले. मग घासणं, गंजरोधक, रंग, त्यावर मेणाचा हात. सासऱ्यांना विजेरी धरून उभं राहवत नसे, पण जावयाचा हात कुठे फिरायचा राहिला ते त्यांना बसल्या जागेवरून दिसे. चार महिन्यांत गाडीचं पोट इतकं देखणं झालं की ते कुणालाच दिसणार नाही याचं जावयाला वाईट वाटू लागलं. त्याने एकदोन पेशंटना फोटो दाखवले. त्यांचं तोंड उघडंच होतं, त्यामुळे मत कळलं नाही.

त्यानंतर आले बुश. चाकांना धरून ठेवणारे लोखंडी हात गाडीला जिथे जोडले जातात, तिथे लोखंडी नळीवर बसवलेले रबराचे हे गोळे असतात. माणसाच्या सांध्यात कूर्चा असते तसे. जुने बुश काढले तेव्हा ते चिरलेले आणि कडक झालेले होते. नवे बसवले, स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर नवे आले. फक्त बोल्ट आवळायचे नव्हते. चाकांची अलाइनमेंट करणाऱ्या बाईंनी फोनवर तीनदा बजावलं होतं. गाडी हवेत लटकलेली असताना आवळलंत तर रबराला तीच आपली खरी बैठक वाटते. मग गाडी जमिनीवर आली की ते कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. आधी वजन येऊ द्या, मग आवळा. आणि ही गाडी साधी नाही, हिचे चारही स्प्रिंग फिरवून वजनाप्रमाणे कमीजास्त करता येतात, तेव्हा नुसतं गाडीचं वजन नको. चालवणारा आत बसलेला पाहिजे.

इथे प्रश्न आला. चालवणारा बसणार केव्हा, तर सत्तर झाल्यावर.

सत्तरकडे प्रगती चालू होती. दर रविवारी सकाळी न्हाणीघरातल्या जुन्या काट्यावर सासऱ्यांचं वजन होई आणि सुई दर आठवड्याला थोडी पुढे सरके. सासूबाई आकडा वहीत लिहीत. काट्याच्या बुडाशी एक छोटी चकती होती. ती फिरवली की सुईची सुरुवातच पुढून होते. सासूबाई ती शनिवारी हलक्या हाताने फिरवत. हे त्यांनी लेकीला सांगितलं होतं, लेकीने नवऱ्याला, आणि कुणी कुणाला सांगायचं नाही असं तिघांत ठरलं होतं. एकदा गाडीत बसले की माणूस खुलेल, जेवेल, मग आकडा आपोआप मागून येईल, असं सासूबाईंचं म्हणणं.

ज्या रविवारी सुई सत्तरवर गेली, त्या दिवशी चकती सहा किलोंनी पुढे होती. म्हणजे बाबा खरे चौसष्ट, हे जावयाने मनात नोंदवलं. सासऱ्यांनी मात्र जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून जाहीर केलं की सदर चालक योग्य आहे. आजारपणापासून त्यांना थंडी फार वाजे, ते जाकीट घालूनच वजन करत.

बाईंना बुधवारची वेळ मागितली. मग मंगळवारी, दवाखान्यात एका मुलीच्या अक्कलदाढेचा फोटो काढता काढता, जावयाच्या डोक्यात प्रकाश पडला. बाईंकडे गाडी चार काट्यांवर उभी राहणार. त्या काट्यांना सासूबाईंचा हात लागलेला नाही. तिथे बाबांना चौसष्ट दिसणार आणि ते गाडीतून उतरून पुन्हा खिडकीत जाऊन बसणार.

मुलीच्या अंगावर एक्स-रे काढताना टाकायचा शिशाचा एप्रन होता. त्याचं वजन तीन किलो. दवाखान्यात असे दोन होते. तीन अधिक तीन ही बेरीज त्याला त्या दिवशी फार सुंदर वाटली. बुधवारी सकाळी ट्रक गाडीला पाठीवर घ्यायला येण्याआधी त्याने दोन्ही एप्रन चालकाच्या सीटखाली घालून ठेवले.

बाईंची जागा लांबट, स्वच्छ, रबराच्या वासाची होती. बाई पन्नाशीच्या, केस रुमालात बांधलेले. गाडी काट्यांवर आली. त्यांनी पडद्यावरचं एक बटण दाबलं आणि सांगितलं की रिकाम्या गाडीवर शून्य केलंय, आता साहेबांनी बसावं, म्हणजे फक्त त्यांचंच वजन दिसेल.

रिकाम्या गाडीवर. चांगला दात उपटून मग दुखरा तसाच हलताना दिसावा, तसं जावयाला झालं. एप्रन शून्यात गेले होते.

सासरे कंबरेची परवानगी घेऊन आत बसले. वर्षभराने. त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवला, आरसा नीट केला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की जावयाने मान फिरवली.

"चौसष्ट," बाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी पुन्हा बघायला सांगितलं. बाईंनी पुन्हा पाहिलं. चौसष्टच. जावई घाईघाईने म्हणाला की दमट हवेत काट्यांचं काही खरं नसतं, आणि फरशीही जरा तिरकी वाटते. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केलं. काटे गेल्याच महिन्यात तपासल्याचं प्रमाणपत्र. सासऱ्यांनी ते बसल्या जागेवरून तारखेसकट वाचलं. प्रमाणपत्रापुढे ते कधीच वाद घालत नसत.

मग जावयाने कबुली दिली. एप्रन, चकती, शनिवार, सगळं. रुग्णाला भूल न देताच.

सासरे रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "किती फिरवते ती?"

"सहा झालंय आता."

ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. ओठ हलत होते, हिशेब चालला होता. मग त्यांनी जाकिटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि जुन्या बुशची एक लोखंडी नळी काढून खिडकीतून बाहेर धरली. बाईंनी ती काही न विचारता घेतली. मग दुसरी नळी. मग मूठभर जुने बोल्ट. मग पॅन्टचा खिसा. भंगाराचा डबा महिन्यागणिक हलका होतोय हे जावयाच्या लक्षात आलं होतं, पण बाबा आठवण म्हणून जपत असतील, असं त्याला वाटलं होतं.

पडद्यावरचे आकडे लिफ्टमधल्या मजल्यांसारखे उतरत गेले. त्रेसष्ट. बासष्ट. एकसष्ट. साठला थांबेल असं वाटलं. एकोणसाठला दार उघडलं.

घरात इतके महिने सगळे वेगवेगळा आकडा उराशी धरून वावरत होते. बायको वहीत वजन लिहिताना आपल्याकडे ज्या नजरेने बघते ती नजर सहन होईना, म्हणून सासऱ्यांनी पाच किलो लोखंड खिशात भरायला सुरुवात केली होती. स्वतःला ते पासष्टचे समजत होते. पासष्टचं सत्तर काय, दोन महिन्यांत करू. सासूबाई, लेक आणि जावई त्यांना चौसष्टचे समजत होते. एकोणसाठ कुणाच्या स्वप्नातही आला नव्हता.

बाईंनी नळ्या आणि बोल्ट एका ताटलीत नीट मांडून ठेवले. मग हळूच म्हणाल्या, "साहेब, सत्तरवर लावून देऊ का? वजन वाढलं की आपोआप बरोबर होईल."

सासऱ्यांनी स्टिअरिंगवरचा हात काढला. ते आता उतरतील आणि परत कधी बसणार नाहीत, असं जावयाला वाटलं. त्याने दार उघडायला हातही पुढे केला.

"बाई, आम्ही दोर तपासायचो," ते म्हणाले. "दोर परवा किती पेलत होता, उद्या किती पेलेल, ते नाही लिहायचो. आज किती, तेवढंच. लिहा एकोणसाठ."

एप्रन बाहेर काढले. पुन्हा शून्य, पुन्हा बसणं, पुन्हा एकोणसाठ. बाईंनी चारही स्प्रिंग थोडे थोडे फिरवले, पडद्याकडे पाहिलं, परत फिरवले. मग त्या आणि जावई खालच्या खड्ड्यात उतरले. सासऱ्यांना सांगितलं होतं की हलायचं नाही. ते पाऊण तास हलले नाहीत. खाली पाना ठरावीक जोर झाला की 'टक' वाजायचा आणि बाई पुढच्या बोल्टकडे सरकायच्या. जावयाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर त्याचा स्वतःचा रंगवलेला पत्रा होता आणि त्याच्या पलीकडे सासऱ्यांच्या टाचा.

पत्र्यातून आवाज आला. "जावईबापू."

"हां, बाबा."

"घरी सांगू नका."

"चकतीचं कळलं, ते?"

"ते सांगा हवं तर. खिशाचं सांगू नका." मग ते म्हणाले, "तिच्या हिशेबात मी पाच किलो जास्त आहे. राहू दे."

जावयाने बरं म्हटलं. दंतवैद्याच्या आयुष्यात बोलणारा वर आणि ऐकणारा खाली, असा प्रसंग सहसा येत नाही. त्याला वाटलं, आपण याहून बरं काहीतरी बोलायला हवं होतं. पण पाना पुन्हा 'टक' वाजला आणि पुढचा बोल्ट आला.

काम झाल्यावर सासऱ्यांनी गाडी बाहेर काढली आणि जावयाला शेजारी बसवून चौकापर्यंत नेऊन आणली. गाडी नाकासमोर सरळ गेली. एका वळणावर ते जरा जोरातच शिरले. जावयाने दाराची मूठ धरली, गाडीने रस्ता धरला. सासरे मोठ्याने हसले. हसताना जाकीट त्यांच्या अंगावर रिकाम्या पिशवीसारखं हललं आणि त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. परत येईपर्यंत ते गाडीशी बोलत होते, सदर वगैरे काही न लावता.

बाईंनी सहीसाठी कागद पुढे केला. त्यात मोजमापं होती, चालकाचं वजन होतं, आणि तळाशी 'ग्राहकाची तक्रार अथवा विनंती' असा एक रकाना होता. तिथे लोक नुसती रेघ मारतात. सासऱ्यांनी पेन मागितलं, चष्मा लावला, कागद टपावर ठेवला आणि तीस वर्षांच्या सवयीच्या सरळ अक्षरात लिहिलं:

'सदर वाहनाचे काम समाधानकारक. तथापि सदर चालकाचे एकोणीस किलो वजन गतवर्षी लेखी पूर्वसूचनेशिवाय काढून नेण्यात आले आहे. तरी त्याचा शोध घेऊन ते मूळ जागी, म्हणजे पोटाच्या पुढील बाजूस, विनाविलंब बसवून मिळावे. त्यानंतर सर्व बोल्ट सैल करून अठ्ठ्याहत्तर किलोंवर पुन्हा आवळून द्यावेत. आणि सदर कार्यवाही पूर्ण होईपर्यंत चालकाच्या पत्नीचे वय आहे तिथेच थांबवून ठेवावे, ही नम्र विनंती.'