काचणारा गळा

“आई, गळा परत काचतोय.”

तोंडातल्या टाचण्या न काढताच शिवणवाली पुटपुटली, “अगं, परवाच तर उसवून दिला! मान आहे का खांब?”

नववीतली लेक हसली. “इथं हात लावून बघ ना. गाठ लागते. सुट्टीआधी शाळेत डॉक्टरबाई आल्या होत्या. म्हणाल्या, गाठ दुखत नसली तरी लगेच दाखवायची. दुखत नाही म्हणूनच लोक बसून राहतात म्हणे.”

“मोठी शहाणी! वाढतं अंग आहे, काय काय फुटायचंच. दुखेल तेव्हा बघू.” आणि तिनं कॉलरचं बटण थोडं पुढं सरकवलं.

बाईचा हा खाक्याच होता. कपडा काचला की चूक कपड्याची. ‘तुम्ही सुटलात’ असं गिऱ्हाइकाला ती जन्मात म्हणाली नाही, आणि चार गल्ल्यांत तिचं नाव होतं ते त्यामुळंच. घरच्या पोरीलाही तिनं तोच न्याय लावला. शाळा उघडायच्या तोंडावर गणवेशांचा ढीग पडलेला, मान वर करायला फुरसत नाही. पोरगी पुन्हा एकदा म्हणाली, मग म्हणायची थांबली. आईनं मात्र तिच्या सगळ्या कपड्यांचे गळे आपणहून मोठे करून ठेवले, वर कौतुकानं नवऱ्याला दाखवले.

पुढं पोरीला ताप धरला, झोपेत अंथरूण घामानं भिजायला लागलं, तेव्हा बापानं तिला इस्पितळात नेलं.

डॉक्टर टाकून बोलले नाहीत. “कॅन्सर आहे. लवकर आला असतात तर बरी व्हायची आशा पुष्कळ होती. आता यकृतापर्यंत पसरलाय,” एवढंच म्हणाले. औषधं झाली, बदलून झाली. केस गेले, भूक गेली, दुखणं काही हललं नाही. शेवटी घरी न्या म्हणाले.

आज शाळेतल्या बाई तिच्या मैत्रिणींना घेऊन भेटायला आल्या. निघताना पोरी डोळे पुसत खाली उतरल्या. बाई दारात थबकल्या.

“लाज वाटली म्हणून गाठ लपवली, असं म्हणाली हो ती मला. केवढी चूक केली पोरीनं! घरी एक शब्द बोलली असती तर!”

खरं काय ते शिवणवालीच्या अगदी ओठांवर आलं होतं.

“हो ना,” ती म्हणाली. “बोलायला हवं होतं.”

“आता प्रत्येक वर्गात हेच सांगणार आहे मी. लपवू नका म्हणून.”

बाई गेल्या. दार लावून ती तिथंच उभी राहिली. जीभ कशी झडली नाही मेलीची, असं तिला स्वतःबद्दल वाटलं. दार आणि खाट यांच्यामध्ये पडदा तेवढा होता. लेकीनं सगळं ऐकलं होतं.

“गेल्या का गं बाई?”

“गेल्या.”

“मग रडतेस काय अशी?” कसंबसं अंग ओढत पोरगी भिंतीकडं सरकली आणि तिनं खाटेवर जागा केली. “ये, पड जरा. दमलीस.”

आई लेकीच्या कुशीत शिरली.