पुस्तकात नसलेलं पान

बाळकुमच्या देवळापुढं त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. सन त्रेपन्नचा मार्गशीर्ष. भात झोडून झालं होतं, मिठागरांचं काम अजून जोरात सुरू व्हायचं होतं, त्यामुळे माणसं मोकळी होती. आणि मोकळ्या माणसांना चमत्कार फार लवकर दिसतात. मांडवात चौरंगावर मोरपिशीबुवा बसले होते. त्यांचं खरं नाव काय, ते आले कुठून, हे कुणी विचारलं नव्हतं. हातात मोरपिसांचा जुडगा आणि कपाळभर गंध असलं की आपल्याकडे एवढ्यावर भागतं.

"विद्या कुठं असते?" बुवांनी गर्दीला विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता सांगितलं, "विद्या जन्मतःच पोटात असते! पण घशात अडकते. मोरीत बोळा अडकावा तशी. मास्तर काय करतो? वरून पाणी ओततो! अरे, बोळा काढ ना आधी!"

लोक हसले. मास्तरांवर हसायला लोकांना नेहमीच आवडतं.

"आता कुणाचंही तिसरीचं पुस्तक आणा. माझं नको! माझं घेतलं तर म्हणाल, बुवानं करणी केली."

गर्दीतून एक पुस्तक पुढं आलं. बुवांनी पंढरी मिठागरवाल्याच्या मुलीला, बायजाला, समोर बसवलं. बायजा दहा वर्षांची. तीन वर्षं शाळेत जाऊन तिला स्वतःचं नाव धड वाचता येत नव्हतं, हे सगळ्या बाळकुमला ठाऊक होतं. बुवांनी दर्भाच्या काडीनं तिच्या जिभेवर मधानं 'श्री' काढला, पुस्तकात मोरपीस खुपसलं, पीस होतं तिथं पुस्तक उघडलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. पानावर होडीचं चित्र होतं.

आणि बायजा वाचू लागली. 'खाडीला भरती आली होती. म्हातारा नावाडी होडीत एकटाच बसला होता...' न अडखळता, न थांबता, शाळेत अजून शिकवलासुद्धा नव्हता तो सबंध धडा तिनं म्हणून टाकला. तिची आई ठमाबाई ओक्साबोक्शी रडायला लागली. बायका बुवांच्या पायांवर कोसळल्या. नारळांचा ढीग पडला.

मांडवाच्या अगदी शेवटी, खांबाला टेकून, मंदाकिनी कर्णिक उभ्या होत्या. बाळकुमच्या शाळेतल्या तिसरीच्या बाई. नौपाड्याहून रोज यायच्या. आपली विद्यार्थिनी वाचतेय हे पाहून शिक्षिकेला आनंद व्हावा की नाही? मंदाकिनीबाईंना झाला नाही. त्यांना हेवा वाटला. छातीत निखारा ठेवल्यासारखा हेवा.

कारण बायजा दुसरीत असल्यापासून, दीड वर्षं रोज शाळा सुटल्यावर तासभर त्या तिला घेऊन बसत होत्या. ही मुलगी मठ्ठ नाही, हे त्यांना पहिल्या महिन्यातच कळलं होतं. पाढे तोंडपाठ, हिशेब तोंडी चोख. तिची आजी धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी. तिचे रात्रभर पुरतील एवढे धवले या पोरीला येत होते. पण कागदावरचं अक्षर मात्र तिच्या डोळ्यांसमोर ठरत नसे. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' तिला जुळ्या भावांसारखे वाटत. कालचं ओळखलेलं अक्षर आज अनोळखी. बाईंनी मग एका सुपात ओलसर मीठ पसरलं आणि त्यात तिच्याकडून बोटानं मोठाली अक्षरं गिरवून घ्यायला सुरुवात केली, प्रत्येक अक्षर तोंडानं म्हणत. ही युक्ती त्यांना कुणी शिकवली नव्हती. दीड वर्षात बायजा 'कमळ' आणि 'बदक' वाचू लागली होती. हेडमास्तर म्हणत, "बाई, त्या एका पोरीसाठी कशाला रक्त आटवताय?" ठमाबाई म्हणे, "अजून नाय आलं कं वाचाला?"

आणि हा माणूस! चिमूटभर मध आणि एक पीस! बाईंना त्या दीड वर्षात कुणी घोटभर चहा विचारला नव्हता. पिकतं तिथं विकत नाही, हे खरं, पण ते स्वतःवर आलं की फार झोंबतं.

झोंबायला आणखीही एक गोष्ट होती. बुवांनी जाताना बजावलं, "दोन गुरू करू नका. दुसऱ्याच्या हाताखाली पोरीला बसवलंत तर विद्या उठून जाईल." दुसऱ्या दिवसापासून बायजा शाळा सुटताच घरी जाऊ लागली. मिठाचं सूप कोपऱ्यात पडून राहिलं. तिच्या रिकाम्या जागेकडे बघून बाई मनात म्हणाल्या, जा, जा. बुवाच बरा तुला.

शनिवारी सकाळी बायजा वर्गात आली ती हात पदराआड धरावेत तशी परकराआड धरून. बाईंनी हात पुढं घ्यायला लावले. दोन्ही हातांवर निगडीच्या काठीचे वळ होते.

"कोणी मारलं?"

"बापानं."

झालं होतं असं. मोहन्याहून मामाचं कार्ड आलं होतं. पंढरीनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना ओटीवर बोलावून ते मोठ्या ऐटीनं लेकीच्या हातात दिलं. लेकीनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. पंढरी बुवांकडे धावला. बुवा म्हणाले, "विद्या आत गेलेली सगळ्या गावानं पाहिली. आता पोर दडवतेय. हट्ट मोडा." पंढरीनं हट्ट मोडायला घेतला होता.

चमत्काराची ही बाजू मांडवात कुणाला दिसत नाही. पूर्वी बायजाला वाचता येत नव्हतं, तेव्हा लोक तिची कीव करत. आता ती वाचत नाही म्हटल्यावर लबाड ठरली.

मधल्या सुट्टीत बाईंनी तिच्यासमोर पुस्तक उघडलं. होडीचं चित्र. बायजा घडाघडा म्हणू लागली. पान संपलं, धडा पुढच्या पानावर गेला, बायजाही पुढं गेली. पण तिची नजर मात्र होडीवरच खिळलेली होती. बाईंनी हळूच पुस्तक मिटलं. बायजा थांबली नाही.

"बायजा, हा धडा तुला कोणी ऐकवला?"

"महिपतदादानी." महिपत म्हणजे बुवांचा चेला. "गुरवारच्या आदी तीन दिस दुपारचा अंगारा घेऊन आल्ता. आईला नं बापाला ओटीवर बसवलं, नं मना आत मंत्र सांगितला. बोल्ला, होरीचं चित्र दिसलं का देवी तुज्या तोंडातून बोलल, तू फकस्त तोंड उघर."

"मग तू आईला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? मना वाटलं, वाचनं म्हंजे ह्यांच. बाकीच्या पोरींना पन असंच व्हत असंल. चित्र बगितलं का आतून शब्द येतात. मना येवढे दिस येत नव्हते, आता याला लागले. पन बाई, मामाच्या कार्डावर चित्रच नव्हतं."

पोर खोटं बोलत नव्हती. आपण खरोखरच वाचतो आहोत, असं तिला वाटत होतं.

आता सांगतो ते मंदाकिनीबाईंना शोभणारं नाही, पण झालं ते झालं. त्या दिवशी त्यांना पंढरीच्या घरी जाता आलं असतं. घर शाळेपासून दोनशे पावलांवर होतं. आई-बापाला बसवून सगळं सांगितलं असतं, तर हातावरच्या वळांत भर पडली नसती. बाई गेल्या नाहीत. त्यांना मांडव हवा होता. ज्या गर्दीनं बुवाच्या पायांवर नारळ वाहिले, तीच गर्दी त्यांना साक्षीला हवी होती. घरी जाऊन त्यांनी तिसरीचं एक पुस्तक घेतलं आणि होडीच्या चित्रासमोरचं, धड्याचा उरलेला भाग असलेलं पान ब्लेडनं मुळापासून कापून काढलं.

पुढच्या गुरुवारी गर्दी दुप्पट होती. दिव्याहून, कल्याणहून माणसं आपापली 'अडकलेली' मुलं घेऊन आली होती. बुवांनी त्यांच्यासमोर पुन्हा बायजालाच बसवलं. पुस्तक मागितलं मात्र, बाईंनी आपलं पुढं केलं. पीस खुपसलं गेलं, होडी उघडली, बायजा सुरू झाली. बाई पोस्टमन गोपीनाथला घेऊन तिच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या.

"गोपीनाथ, बोट ठेवून बरोबर वाचा."

पहिलं पान संपलं. गोपीनाथचं बोट समोरच्या पानावर गेलं आणि तिथंच अडकलं. "अहो बाई, ही तर नावाड्याचंच सांगतेय, आणि इथं उंदराचा धडा चालू आहे!"

"कारण नावाड्याचं पुढचं पान या पुस्तकात नाही. ते इथं आहे." बाईंनी पिशवीतून कापलेलं पान काढून उंच धरलं. "जे पान पुस्तकात नाही, ते हिनं वाचलं कसं?"

बाईंना वाटलं, आपण जिंकलो.

बुवांनी एकच श्वास घेतला आणि दोन्ही हात वर केले. "पाहिलंत? नसलेलं पानसुद्धा सरस्वतीनं वाचलं! याहून मोठा चमत्कार कोणता पाहिजे?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! बाईंचा तोल सुटला. त्यांनी पुस्तकाचं भलतंच पान उघडून बायजापुढं आदळलं. "मग हे वाचून दाखवू दे तिला!"

बायजानं पानाकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. त्या पानावर होडी नव्हती. लोक हसू लागले.

"हट्टी आहे, हट्टी!" बुवा म्हणाले.

"परत नाटकं करतंस?" पंढरी गर्दीतून पुढं आला आणि त्यानं हात उगारला.

तो हात बाईंनी वरच्यावर धरला. त्या क्षणी त्यांना कळलं, की या पोरीला या मांडवात दोन माणसांनी उभं केलं आहे, आणि त्यांतले एक आपण आहोत.

"पंढरीदादा, आधी ऐका, मग काय मारायचं ते मला मारा," त्या म्हणाल्या. "गोपीनाथ, पिशवीत आजचं वर्तमानपत्र आहे? कुठलीही दहा ओळींची बातमी वाचा. मोठ्यानं, दोनदा."

गोपीनाथनं कशेळीकडच्या रस्त्याची बातमी दोनदा वाचली. दुसऱ्या वेळी मध्येच त्याला खोकला आला. बाईंनी बायजाच्या हातात कोरी पाटी दिली, ती आधी चारी बाजूंना फिरवून सगळ्यांना दाखवली, आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "बायजा, गोपीनाथदादा काय बोलले ते सांग बाळा."

बायजानं पाटीकडे पाहत दहाच्या दहा ओळी म्हटल्या. दादांचा खोकलासुद्धा जिथल्या तिथं काढला.

आता मात्र कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक पाटीकडे पाहत होते, आणि पाटी कोरी होती.

"मध नाही, पीस नाही," बाई म्हणाल्या. "ही हिची स्मरणशक्ती. धवले ही असेच शिकली, ऐकून. महिपतनं अंगाऱ्याच्या नावाखाली घरात बसून तीन दिवस हिला हा धडा ऐकवला. सरकारी पुस्तक सगळीकडे एकच, म्हणून बुवा म्हणतात, कुणाचंही आणा. पीस खुपसायचं ते होडीचं पान शोधायला. विचारा त्यांना, दुसऱ्या धड्यावर पीस का पडत नाही?"

महिपत मांडवाच्या मागच्या बाजूनं केव्हाच निसटला होता. बुवांना एकाएकी कल्याणच्या भक्तांची आठवण झाली आणि ते पिसांचा जुडगा आवरू लागले. उथळ पाण्याचा खळखळाट असा ओसरला.

"मंग ती खोटं नाय बोल्ली?" पंढरीनं विचारलं.

"एकदाही नाही."

ठमाबाई लेकीचे हात हातात घेऊन वळांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, नीट वाचाला किती दिस लागतील तिला?"

"दिवस नाहीत, वर्षं. दोन, कदाचित तीन. आणि तरीही ती इतरांपेक्षा हळूच वाचेल." बाई गर्दीकडे वळल्या. "तुम्ही लांबलांबून मुलं आणलीत. त्यांच्या घशात काही अडकलेलं नाही. ती आळशी नाहीत, वेडीही नाहीत. कुणाचा पाय अधू असतो, तशी यांची अक्षराशी ओळख अधू असते. अधू पायाच्या मुलाला आपण पळत नाही म्हणून मारतो का? त्याला काठी देतो, त्याच्या चालीनं चालतो. पी हळद अन् हो गोरी असं जो सांगेल, त्याला एवढंच विचारा, की उद्या हे मूल नवं पान वाचून दाखवेल का? तेवढ्यानं तुमची मुलं वाचतील."

माणसं आपापली मुलं घेऊन हळूहळू पांगली.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर बायजा थांबली, पण जवळ आली नाही. दाराशीच उभी राहून म्हणाली, "बाई, मना तो धडा महिपतदादानी सांगितला, ह्यां तुमाला शनवारीच ठावं व्हतं ना?"

"हो."

"मंग मना सगल्यांसमोर कशाला बसवलंत? सगली हसली मना."

शिक्षिकेला सबबींचा तोटा नसतो. गावाचे डोळे उघडायचे होते, असं म्हणता आलं असतं, आणि ते थोडंफार खरंही होतं. मंदाकिनीबाई तिच्यासमोर खाली बसल्या.

"मला बुवाचा हेवा वाटला, बायजा. तुला मी शिकवत होते आणि नाव त्याचं झालं. म्हणून. चुकलं माझं."

बायजाही खाली बसली.

"मना पन वाटतो," ती म्हणाली. "वर्गातल्या सगल्या पोरींचा. रोज."

तिला काय वाटतं, हे दीड वर्षात त्यांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं.