सोळा तास उजेड

"साखरेच्या डब्यात मीठ भरू नको गं बाई,
रंगानं जुळी बहीण, जिभेला सवत होई."

डबे पुसता पुसता मावशी म्हणायची. मी आठ वर्षांची होते. वाटायचं, एवढ्याशा गोष्टीचं गाणं कशाला?

परवा सकाळपासून तो आवाज कानाशी घोळत होता आणि मी त्याला गप्प बसवत होते.

वहिनी एका प्रयोगशाळेत काचेच्या बाटल्यांमधली रोपं सांभाळते. तिथले दिवे संगणक लावतो, संगणकच मालवतो. सोळा तास उजेड, आठ तास अंधार. महिन्यापूर्वी जुना संगणक मोडीत निघाला. नवा मी बसवला. माझं कामच ते. आणि आता नऊशे बाटल्या पिवळ्या पडल्या होत्या, कारण दिवे चोवीस तास जळत होते. मालकीणबाईंच्या मते वहिनीनंच कुठलीतरी कळ दाबून ठेवली होती. दुपारपर्यंत दुसरं कारण सापडलं नाही, तर तिनं उद्यापासून येऊ नये.

"वन्सं, तुमच्या यंत्राला नीट विचारा ना."

"दहा वेळा विचारलं. सोळाच म्हणतंय."

"मग दिव्यांना विचारा, सोळापर्यंत मोजता येतं का."

"वहिनी, चेष्टा सुचतेय तुला?"

"रडून झालंय सकाळी. आता तेवढीच उरलीय."

मी पुन्हा रजिस्ट्री उघडली. संगणक प्रत्येक प्रोग्रामच्या आवडीनिवडी जिथे जपून ठेवतो, ते त्याचं फडताळ. तापमान, पंचवीस. ओलावा, सत्तर. उजेड, सोळा. सोळा! अरे मग जळतोयस कशाला, मेल्या?

अकराव्यांदा मी आकडे सोडून त्यांच्या शेजारची चिमुकली चित्रं पाहिली. वरच्या दोघांपुढे निळं चित्र, म्हणजे संख्या. उजेडापुढे तांबडं, म्हणजे मजकूर. सोळा तेच, पण अक्षरांच्या डब्यात भरलेले. दिव्यांचा प्रोग्राम संख्या शोधायला आला, त्याला अक्षरं मिळाली. एका शब्दानं तक्रार न करता त्यानं, संख्या न मिळाल्यास घ्यायचा म्हणून ठरलेला आकडा घेतला: चोवीस. ओरडला असता तर काय बिघडलं असतं!

प्रकार बदलता येत नाही. ती नोंद पुसली, संख्येची नवी केली, घड्याळ पुढे सरकवून पाहिलं. दिवे मालवले. अंधारात वहिनीनं माझा दंड घट्ट धरला.

मला मात्र आठवलं. जुन्या संगणकावरून दोनच नोंदी आल्या होत्या. तिसरी मी घाईत हातानं भरली, यादीत पहिला दिसला तो प्रकार निवडून. आणि मालकीणबाईंना ठणकावून सांगितलं होतं, "सगळं जसंच्या तसं उतरवलंय, मी हातही लावला नाही." फडताळात कुणाचं नाव दिसत नाही. कळणार कुणाला?

मालकीणबाई दारात आल्या. "झालं का दुरुस्त? म्हणजे हिनंच काहीतरी दाबलं होतं तर!"

वहिनीनं मान खाली घातली. माझ्यावर तिचा इतका विश्वास, की तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाही," मी म्हटलं. "ती नोंद मी हातानं भरली होती, चुकीच्या प्रकारात. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. वहिनीनं कशालाही हात लावला नव्हता. रोपं मी जाळली."